माप घेणारं विमान

समोर सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘फुगेवाले’. मास्तर हे शिंप्याच्या धंद्यातलं नाव. तीस वर्षं कपडे बेतण्यात गेलेली. रस्त्यावरून कुणी पाठमोरा चालला असला तरी त्याचा डावा खांदा अर्ध्या बोटाने उतरलाय हे ते दुकानात बसून सांगत. दुसरं नाव लढाईने दिलं होतं आणि ते काही केल्या पुसलं जात नव्हतं.

झालं होतं असं. लढाई सुरू झाली तेव्हा आकाशाकडे बघत बसायला चांगल्या डोळ्यांची माणसं हवी होती. पुलाच्या तोंडाशी आगीच्या बंबांचं ठाणं आहे, त्याच्या गच्चीवर एक चौकी उभी राहिली. चौकी म्हणजे चार खांब, वर पत्रा, एक दुर्बीण, एक टेलिफोन, एक कॅनव्हासची आरामखुर्ची आणि शेहेचाळीस पत्ते. पत्ते खेळायचे नव्हेत. प्रत्येकावर एकेका विमानाची काळी आकृती, खालून दिसते तशी. वर विमान दिसलं की ते पत्त्याशी जुळवायचं आणि हवाई बचावाच्या कचेरीला फोन करायचा, एवढंच काम. मास्तरांनी चार दिवसांत सगळे पत्ते तोंडपाठ केले. आकृती ओळखण्यात तर त्यांचा जन्म गेलेला. आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी हवामान खात्याचा फुगा शत्रूचं विमान म्हणून कळवला!

भोंगा वाजला. अख्खं शहर दीड तास तळघरात जाऊन बसलं. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून बसलं, दातांच्या डॉक्टरचं गिऱ्हाईक तोंडात कापूस धरून. लोक वर आले तेव्हा फुगा आपला डुलत होता. लोकांचं कसं आहे, दुसऱ्याने केलेले उपकार ते चार दिवसांत विसरतात, पण दुसऱ्याची फजिती नातवंडांना सांगायला राखून ठेवतात. त्या दिवसापासून मास्तर दुकानाबाहेर आले की कुणीतरी उगीच आकाशाकडे बघून गाल फुगवायचं.

तरी त्यांनी चौकी सोडली नाही. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी तीन. जोडीला एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. बाईंनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि आता त्या फोन करायच्या, वहीत नोंदी ठेवायच्या आणि मास्तरांच्या चुका काढायच्या. हे शेवटचं काम त्यांना विशेष आवडायचं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला मास्तर आरामखुर्चीत उत्तरेला डोकं करून, आडवे होऊन दुर्बीण लावून होते.

“बाई, काहीतरी आहे.”

“‘काहीतरी’ नावाचं विमान नसतं, मास्तर. पत्त्याचा नंबर सांगा.”

“पत्त्यांत नाही.”

“नीट बघा. मागच्या वेळीसुद्धा—”

“मागच्या वेळी फुगा होता, ठाऊक आहे मला. फुग्याला पंख नसतात.”

हे होतं पंखवालंच, पण फार उंच. आवाज जवळजवळ नाही. टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका, दुर्बिणीतून बघितलं की त्याला लांब, अरुंद पंख फुटत. दोन इंजिनं. शेपटी आखूड. असं अंग कुठल्याच पत्त्यावर नव्हतं. मास्तरांनी फळीवर खाकी कागद टाचला, खडू घेतला आणि उताणे पडूनच, फळी तोंडावर आभाळासमोर धरून, कोपऱ्यात त्याची आकृती काढली. दुकानात ते कपड्यांचे कागदी फर्मे काढत तशीच, एका हाताने आणि न पुसता. मग कागदाच्या मधोमध एक फुली मारली. ती फुली म्हणजे आपण, म्हणजे पूल. आणि विमान जाईल तशी त्याच्या वाटेची रेघ ओढत गेले.

ते उत्तरेकडून आलं, सरळ दक्षिणेला गेलं, लांबवर वळलं. परत आलं ते पहिल्या रेघेला लागून. पुन्हा वळलं, पुन्हा तसंच. तीन रेघा, सारख्या अंतराने. तिसरी ओढताना मास्तरांचा हात थांबला.

“बाई, हे हल्ल्याला आलेलं नाही.”

“मग फिरायला आलंय?”

“माप घेतंय.” त्यांनी खडूने तिन्ही रेघा दाखवल्या. “छाती, कंबर, उंची. तीस वर्षांत असं एकही गिऱ्हाईक आलं नाही, ज्याने नीट उभं राहून माप दिलं आणि पुढे कापडावर कात्री चालली नाही.”

बाईंनी फळी घेतली आणि खांबाला शहराचा नकाशा टांगला होता त्याच्याशेजारी धरली. शहर सोपं आहे. मधून नदी, वरून खाली सरळ. डाव्या हाताला जुना बाजार, शिंप्यांची गल्ली आणि गल्लीच्या पाठीला लागून रेल्वेचा मालधक्का. उजव्या हाताला इंजिनांचा कारखाना आणि कामगारांची वसाहत. कागदावर तिन्ही रेघा फुलीच्या उजवीकडे होत्या.

“कारखाना,” दोघं एकदमच म्हणाले.

खरं तर हे सांगायला रेघांचीही गरज नव्हती. लढाई लागल्यापासून शहरातलं शेंबडं पोरही सांगत होतं, की येतील तर कारखान्यावरच येतील. मनात आधीच जे असतं ते कागदावर लगेच सापडतं.

बाईंनी फोन केला. अर्ध्या तासात कचेरीतले साहेब स्वतः जिने चढून वर आले. दम लागला होता, तरी आधी त्यांनी कागद हातात घेतला. आकृती बघितल्यावर त्यांचा चेहराच उतरला.

“याची माहिती आम्हालाही गेल्याच आठवड्यात आली. पत्ता अजून छापलासुद्धा नाही. फोटो काढणारं विमान आहे हे. जिथून हे जातं तिथे तीन-चार दिवसांत बाकीची येतात.” त्यांनी कागद खांबावरच्या खिळ्याला अडकवला. मग म्हणाले, “मास्तर, फुग्याचं आम्ही विसरलो. आजपासून तुम्ही आमचे डोळे. फक्त कुठे बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. लोक सैरावैरा पळाले तर बॉम्ब परवडले असं होईल.”

संध्याकाळी मालधक्क्यावरच्या दोन्ही विमानविरोधी तोफा पुलावरून पलीकडे कारखान्याकडे गेल्या. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि त्यांची छाती दोन इंच फुगली होती. एक खाकी कागद, एक खडू, आणि एवढ्या मोठ्या तोफा हलल्या. पण दुसऱ्याच क्षणाला त्यांची नजर तोफांच्या मागे पुलापलीकडे गेली. त्यांची एकुलती एक लेक त्याच वसाहतीत राहत होती, कारखान्याच्या भिंतीला लागून. तिला आठवा महिना होता.

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही आणि बुधवारी सकाळी दुकान बंद ठेवून ते पूल ओलांडून गेले.

लेकीची खोली तळमजल्यावर होती. जावई कारखान्यात लेथवर. बारा-बारा तासांची पाळी, रजा मागितली तर तुरुंग. लेक खुर्चीवर पाय लांब करून टोपडी शिवत बसली होती. बापाचीच मुलगी, टाका बघून कुणीही सांगितलं असतं.

“बाबा? आज कसे? दुकान?”

“तुझ्या आईला बरं नाही.”

“काय झालंय?”

“पडून आहे.”

“काल तर फोनवर माझ्याशी भांडत होती!”

“भांडूनच थकली,” मास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. बोलायचं ठरवलं की ते टोपीशी चाळा करत. “चल माझ्याबरोबर. बाळंत होईपर्यंत आमच्याकडे राहा.”

“बाबा, दवाखाना समोर आहे. हाक मारली तर डॉक्टर खिडकीतून ओ देतो. नर्सने सांगितलंय, धक्के खायचे नाहीत, जिने चढायचे नाहीत. तुमचे जिने किती, बेचाळीस पायऱ्या. मी लहानपणी मोजल्यात.”

“हळूहळू चढू.”

“आणि यांना एकटं टाकून?”

“पोरी,” मास्तर म्हणाले. सांगता तर येत नव्हतं. साहेबांना शब्द दिला होता, आणि ते शब्द पाळणारे होते; अमुक दिवशी कोट देतो म्हणाले की द्यायचे. “मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?”

लेकीने सुई टोपड्यात खोचली. तिने बापाच्या हातातली टोपी बघितली आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

“आई फार आजारी आहे का?”

मास्तरांनी मान हलवली. ती कुठल्याही बाजूला हलली असं म्हणता आलं असतं.

मग ती उठली. जावयाला निरोप ठेवला, बोचकं बांधलं. वसाहतीच्या फाटकावर कारकुनाने तिचा पास काढून घेतला. “एकदा गेलं की गेलं हं,” तो म्हणाला. “नवरेमंडळी दुपारनंतर सामायिक खोलीत. तुमच्या खोलीसाठी पाच कुटुंबं रांगेत आहेत.” लेकीने बापाकडे बघितलं. मास्तर म्हणाले, “कर सही.” तिने केली.

घोडागाडी पुलावरून येताना प्रत्येक फळीला दणका बसत होता आणि लेक प्रत्येक दणक्याला पोटावर हात घट्ट धरत होती. मास्तर मात्र मागे वळून कारखान्याच्या धुराड्यांकडे बघत होते आणि ती जसजशी लहान होत गेली तसा त्यांचा जीव भांड्यात पडत गेला.

घरी पोचल्यावर त्यांची बायको दारात उभी. हातात लाटणं आणि तब्येत ठणठणीत.

“मला आजारी पाडायचं होतं तर आधी सांगायचं तरी,” ती नंतर स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली. “आडवी झाले असते. लेकीसमोर तोंडघशी पाडलंत. काय कारण आहे एवढं?”

“कारण आहे.”

“कळेल मला?”

“चार दिवसांनी.”

ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, पण लेक घरी आली होती आणि तिला मनातून बरंच वाटत होतं. तिने खिडकीजवळची मोठी खाट झाडली, गादीवर गादी घातली. मालधक्क्यावर महिनाभर पेट्रोलच्या वाघिणी येऊन उभ्या राहत होत्या. त्यांच्या इंजिनांच्या काजळीने वाळत घातलेले कपडे काळे होतात म्हणून तिने लेकीसाठी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी लेकीला रक्त दिसलं.

गल्लीच्या टोकाला राहणारी नर्स धावत आली. तिने तपासलं, मास्तरांना बाहेर बोलावलं आणि आवाज न चढवता त्यांची खरडपट्टी काढली. “आठव्या महिन्यात घोडागाडी? आणि वर बेचाळीस पायऱ्या? शिकलेली माणसं ना तुम्ही? आता आठ दिवस तिने पाठ टेकून पडायचं. उठायचं नाही, बसायचं नाही. जिना उतरवलात तर दोघांनाही गमावाल. भोंगा वाजला तरी इथेच, कळलं? तळघरबिळघर काही नाही.”

“पण धोका—”

“हलवण्याचा धोका मी सांगितला. बाकीचे देवाला विचारा.”

मास्तर खाटेच्या कडेला जाऊन बसले. लेक पांढरीफटक पडली होती, पण त्यांच्याकडे बघून हसली. त्यांनी मनाशी म्हटलं, असू दे. पडून तर पडून. निदान त्या भिंतीपासून लांब आहे.

गुरुवारी सकाळी ते दुकानात सैन्याच्या कोटांचं कापड बेतत होते. बाहीचा फर्मा कापडावर ठेवला, खडूने कड मारली, डावी बाही काढली. मग उजवीसाठी फर्मा उचलून उलटा केला आणि पुन्हा ठेवला. शिंप्याच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच. फर्मा पालथा करायचा विसरलात तर दोन्ही बाह्या डाव्याच होतात आणि कापड वाया जातं. मास्तरांच्या हातून असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

खडू कापडावर टेकलेला होता. तो तिथेच राहिला.

आभाळ त्यांनी खालून बघितलं होतं. नकाशा वरून बघायचा असतो. उताणं पडून, डोकं उत्तरेला करून काढलेला तो कागद नकाशावर ठेवण्याआधी पालथा करायला हवा होता. तो कुणी पालथा केलाच नव्हता.

मास्तर दुकान उघडं टाकून धावले. पन्नाशी उलटलेला माणूस गळ्यात टेप घेऊन भर बाजारातून धावतोय हे बघून दोघा-तिघांनी आकाशाकडे बघून गाल फुगवले. चौकीवर गुरुवारची जोडी डबा खात होती. मास्तरांनी त्यांना काही न सांगता तो खाकी कागद खिळ्यावरून काढला, आरामखुर्चीत आडवे झाले, मंगळवारी होतं तसंच डोकं उत्तरेला केलं आणि कागद दोन्ही हातांनी तोंडावर आभाळासमोर धरला. तीन रेघा उजवीकडे. त्यांनी कागद खाली घेतला, उजवा हात पसरला आणि हात कुठे जातोय ते मान वळवून बघितलं.

हाताच्या रेषेत जुना बाजार होता. पलीकडे शिंप्यांची गल्ली. गल्लीच्या मागे मालधक्का आणि पेट्रोलच्या वाघिणींची रांगच्या रांग. आणि त्या सगळ्याच्या मधे, चार मजल्यांच्या इमारतीवर, त्यांच्या बायकोने वाळत घातलेले लेकीचे कपडे.

ते तसेच आडवे राहिले. गुरुवारच्या जोडीला वाटलं, यांना चक्कर आली.

मग त्यांनी स्वतः टेलिफोनचं हँडल फिरवलं.

“साहेब, उलटं झालंय. कारखाना नाही, मालधक्का आहे. तोफा परत आणा.”

“कोण? मास्तर? काय बोलताय?”

मास्तरांनी समजावलं. कागद, पालथा, बाही, फर्मा. जितकं समजावत गेले तितकं ते त्यांना स्वतःलाच वेड्यासारखं ऐकू येऊ लागलं.

“मास्तर,” साहेब अखेर म्हणाले, “आधी फुगा. मंगळवारी कारखाना. आज मालधक्का. शनिवारी काय सांगाल? तोफा म्हणजे तुमच्या दुकानातल्या सुया नाहीत, इकडच्या तिकडे टोचायला. वर कळवून झालंय, वरून शाबासकी आलीय. आता बदल हवा तर लेखी द्या, दोघांच्या सहीने.”

बाईंनी सही केली. त्यांच्या घरी जाऊन मास्तरांनी कागद पुढे ठेवला तेव्हा त्या एकदाच बघून खाली बसल्या. “मी चाळीस वर्षं मुलांना नकाशा शिकवला,” त्या म्हणाल्या. “चूक माझी जास्त आहे.” त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि स्वतः कचेरीत नेऊन दिला. चारला उत्तर आलं: अर्ज मिळाला, शनिवारच्या बैठकीत विचार होईल.

घरी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. शब्द दिला होता, पण आता शब्दाचं काय घेऊन बसायचं. त्यांना वाटलं होतं ती भांडेल; भांडली असती तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, “मग आता?”

ते नर्सकडे गेले. गादीसकट चौघांनी उचललं तर? नाही. दारच काढून त्यावर निजवलं तर? “मास्तर, मी काय सांगते ते ऐकू येत नाही का तुम्हाला? तो जिना अरुंद आहे, प्रत्येक वळणावर तिला तिरकं करावं लागेल. रक्त थांबलंय ते ती निपचित पडलीय म्हणून.” मग ते गल्लीत दारोदार गेले. निघून जा, म्हणाले, दोन दिवस कुठेही जा. लोक ऐकून घेत आणि त्यांच्या खांद्यावरून आकाशाकडे बघत. “फुगा मोठा आहे का हो या वेळी?” चहावाल्याने विचारलं. फक्त एक म्हातारा-म्हातारी बोचकं घेऊन निघाली, आणि तीही, नंतर कळलं, सुनेशी पटत नव्हतं म्हणून.

लेकीला कुणी काही सांगितलं नाही. ती छताकडे बघत पडली होती.

“बाबा, आई तर आजारी नाहीये.”

“नाही.”

“मग का आणलंत मला? खरं सांगा, रागावणार नाही.”

“आठवण येत होती,” मास्तर म्हणाले.

“अहो, मग असं सांगायचं ना,” ती म्हणाली आणि तिने त्यांचा हात आपल्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. मास्तर उठून बाहेर गेले आणि जिन्यात जाऊन रडले.

शुक्रवारी त्यांची पाळी होती. ते जायला तयार नव्हते. बायकोने त्यांच्या हातात टोपी दिली.

“इथे बसून काय करणार आहात? आभाळाला हात लावणार आहात? तिथे जा. तुम्ही लवकर बघितलंत तर भोंगा लवकर वाजेल. निदान बाकीचे तरी खाली जातील.”

“आणि तू?”

“मी कुठे जाऊ?” ती म्हणाली आणि लेकीसाठी दूध तापवायला आत गेली.

मास्तर चौकीवर गेले. बाई आधीच आल्या होत्या. दहा वाजले, साडेदहा झाले. आभाळ धुतलेल्या कापडासारखं स्वच्छ होतं. मास्तरांनी आज आरामखुर्ची बाजूला सारली होती, ते उभेच होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी उत्तरेला एक ठिपका दिसला. मग बाजूला आणखी. मग ते मोजता येऊ लागले. या वेळी पत्ते चाळावे लागले नाहीत. रुंद पंख, चार इंजिनं, दुहेरी शेपटी. पत्त्याच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता तोसुद्धा त्यांना आठवला.

“पत्ता एकतीस,” ते म्हणाले. बाईंनी हँडल फिरवलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. “साहेब, पत्ता एकतीस. अठरा. उत्तरेकडून, सरळ.”

“नक्की?”

“नक्की.”

भोंगा वाजला. खाली बाजारात दुकानांच्या फळ्या धडाधड पडू लागल्या. काल हसलेले सगळे आज पोरं कडेवर घेऊन तळघराच्या दाराशी रेटारेटी करत होते. चहावाला किटलीसकट धावत होता. मास्तरांना त्यांचा राग आला नाही.

“मास्तर, तुम्ही जा,” बाई म्हणाल्या. “पुढचं मी सांगते.”

त्यांनी विमानांकडे बघितलं आणि गल्लीकडे बघितलं. अंतरं त्यांना नजरेने मोजता येत. धावत गेले तरी पंधरा मिनिटं लागली असती आणि हातात तीन होती. पुलापलीकडे तोफा तोंडं वर करून कारखान्याच्या आभाळाकडे रोखलेल्या होत्या. विमानं तिकडे वळली नाहीत. ती नदीच्या अलीकडून आली.

“कारखान्यावरच ना?” फोनवर साहेब विचारत होते. “मास्तर? कारखान्यावरच येतायत ना?”

“नाही. मालधक्क्यावर.”

साहेबांनी या वेळी फुग्याचं नाव काढलं नाही. ते कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होते, तोफा, पूल, किती वेळ. मग ते परत फोनवर आले आणि त्यांचा आवाज खाली आला होता.

“मास्तर, तुमचं घर त्याच बाजूला ना? घरी कुणी आहे का?”

मास्तरांनी दुर्बीण खाली वळवली. चौथ्या मजल्याची खिडकी आज उघडी होती. बायको खाटेच्या कडेला पाठमोरी बसली होती आणि वाकून लेकीला चमच्याने काहीतरी भरवत होती.

“लेक आहे,” ते म्हणाले. “परवा कारखान्याजवळून मीच उचलून आणली.”